मागची सीट रिकामी नेऊ नये

पनवेल तालुक्यात एके काळी जेवढी म्हणून वाहनं होती, ती सगळी आमच्या डॉक्टरांच्या मालकीची होती; फक्त कागदपत्रं दुसऱ्यांच्या नावावर होती. रिक्षा, टेम्पो, दुधाच्या गाड्या, पाण्याचे टँकर, रेतीचे ट्रक, एसटी, यांतल्या कशालाही डॉक्टरांनी हात वर केला की ते थांबायचं. एकदा तर फुलांनी सजवलेली वरातीची गाडी थांबली होती. डॉक्टर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, औषधांची पिशवी त्यांनी मागे नवरदेवाच्या मांडीवर ठेवली, आणि ‘आधी मला कोळीवाड्यात सोडा, तुमचा मुहूर्त चुकायचा नाही,’ असं सांगून वरात वाकड्या वाटेने नेली. मुहूर्त चुकला नाही. उलट त्या जोडप्याला पुढे जी दोन मुलं झाली त्यांना आयुष्यभर डॉक्टरांच्या औषधावर आपला वंशपरंपरागत हक्क आहे असं वाटत राहिलं. अशा या माणसाने हात वर केला असता न थांबलेलं तालुक्यातलं एकच वाहन मला ठाऊक आहे. ते माझं होतं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. आम्ही नुकतेच पनवेलला राहायला आलो होतो. माझी बँकेची शाखा पेणला. एक जुनी फियाट घेतली होती आणि नव्या मुल्लाच्या उत्साहाने ती मी रोज पेणपर्यंत नेत-आणत असे. एके दुपारी घरून फोन आला, रेवतीला सणसणून ताप भरलाय, डॉक्टरांना निरोप पाठवलाय, तुम्ही निघा. रेवती म्हणजे आमची एकुलती एक. तेव्हा ती सातवीत होती. मी निघालो. कर्नाळा मागे पडला, शिरढोण आलं, आणि शिरढोणच्या फाट्यावर एक बुटका गृहस्थ रस्त्याच्या कडेला हात वर करून उभा दिसला. अंगात पांढरा हाफ शर्ट, खाली खाकी पँट, पायात प्लॅस्टिकच्या सँडल, एका हातात कापडी पिशवी आणि तिच्यातून बाहेर डोकावणारी लाल माठाची जुडी. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यानेही माझ्याकडे नीट पाहिलं. मग मी एकदम समोरच्या काचेवर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखी नजर रोखली आणि गाडी दामटली. घरात मूल तापाने फणफणलंय आणि या माठवाल्याला कुठे घ्या!

घरी पोचल्यावर पंधरा मिनिटं मी गॅलरीत येरझारा घातल्या. ‘अजून डॉक्टर आले नाहीत? काय माणसं असतात ही! पेशंट मेला तरी यांना काही नाही,’ असं मी शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या बेताने बोलत होतो. तेवढ्यात दाराशी पाण्याचा टँकर थांबला आणि त्याच्या केबिनमधून आधी माठाची जुडी आणि मागोमाग तो गृहस्थ उतरला. ही पुढे झाली. ‘या डॉक्टर,’ म्हणाली. मला वाटलं, टँकरखालीच जाऊन निजावं.

डॉक्टरांनी रेवतीला तपासलं, औषध दिलं, हात धुतले आणि मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. ‘बँकवाले, तुमचे डोळे कधी तपासलेत?’ मी म्हटलं, ‘नाही, का?’ तर म्हणाले, ‘मघाशी शिरढोणला मी हात केला. तुम्हाला दिसलोच नाही. डाव्या कडेचं तुम्हाला कमी दिसतं.’ आता इथे खरं बोलायची संधी होती. पण दिसला होतात आणि थांबलो नाही, असं पोरीचं औषध हातात असताना त्या माणसाच्या तोंडावर सांगायचं कसं? त्यापेक्षा अर्धा आंधळा ठरणं मला जास्त अब्रूचं वाटलं. मी मान खाली घालून म्हणालो, ‘हो, हल्ली जरा अंधुकच दिसतं.’

डॉक्टरांनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली. रोज दोन थेंब. शिवाय व्यायाम. येता-जाता डाव्या कडेला जो कुणी हात करून उभा असेल त्याच्या शर्टाची बटणं मोजायची. बाईमाणूस असेल तर पातळाचा काठ कुठल्या रंगाचा ते पाहायचं. आता ज्यांनी कधी प्रयत्न केला असेल त्यांना ठाऊक असेल, की चालत्या गाडीतून शर्टाची बटणं मोजता येत नाहीत. गाडी पार उभी करावी लागते. आणि एखाद्या माणसासमोर गाडी उभी करून, त्याच्या छातीकडे टक लावून, ‘सहा’ म्हणून निघून जाणं शक्य नसतं. त्याला आत घ्यावंच लागतं. पहिल्या महिन्यातच मी पेण ते पनवेल रस्त्यावरची निम्मी माणसं इकडची तिकडे केली. संध्याकाळी घरी आलो की ही चहाचा कप पुढे करून अगदी सरळ चेहऱ्याने विचारायची, ‘आज किती बटणं?’ मी आकडा सांगायचो. असं एक-दोन नाही, चांगली दहा वर्षं चाललं.

पण तालुक्यातली वाहनं डॉक्टरांची कशी झाली, ते सांगायचं राहिलं. ड्रायव्हिंग लायसनसाठी डॉक्टरी दाखला लागतो. पनवेलमधले निम्मेअधिक ड्रायव्हर तो आमच्या डॉक्टरांकडून घेत. दवाखान्याच्या भिंतीवर आधी अक्षरांचा तक्ता होता. पण रिक्षा स्टँडवर तो इतका पाठ झाला, की डॉक्टरांनी एकदा तो पुसायला खाली काढला असताना एका उमेदवाराने मोकळ्या भिंतीकडे पाहून शेवटच्या ओळीपर्यंत बिनचूक वाचून दाखवला. त्या दिवसापासून तक्ता कायमचा उतरला. डॉक्टर उमेदवाराला घेऊन गच्चीवर जात, दक्षिणेला तोंड करून उभं करत आणि म्हणत, ‘कर्नाळ्याचा सुळका दिसतो? त्याच्या डाव्या अंगाला आज काय आहे?’ कधी ढग असे, कधी वणव्याचा धूर, कधी काहीच नसे. पाठ करायची सोय नव्हती. हवा धुरकट असेल तर कंपाउंडर पायरीवरूनच ओरडे, ‘आज सुळका बंद आहे!’ जून ते सप्टेंबर सुळका बंदच. त्यामुळे पावसाळ्यात पनवेलमध्ये नवीन ड्रायव्हर तयार होत नसत, आणि मला विचाराल तर ते बरंच होतं.

सुळका दिसला तरी सही लगेच मिळत नसे. ज्याला आधीपासून शिकाऊ लायसनवर चालवता येत असे, त्याच्या शेजारी बसून डॉक्टर एका व्हिजिटला जात. मागे एक पक्का ड्रायव्हर राखणीला. वाटेत डॉक्टरांना डुलकी लागली तर उमेदवार पास. ‘माझं शरीर माझ्यापेक्षा हुशार आहे,’ ते म्हणत. ‘भरवसा नसेल तिथे ते झोपत नाही.’ म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येक स्टिअरिंगमागे असा एक माणूस होता, ज्याचे डोळे डॉक्टरांनी पारखले होते आणि ज्याच्या शेजारी ते घोरले होते. तो माणूस त्यांचा हात बघून कसा पुढे जाईल? निरोपही याच वाटेने फिरत. रेवतीच्या तापाचा निरोप शिरढोणला एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून ओरडून पोचवला होता.

स्वतः मात्र डॉक्टरांकडे गाडी नव्हती आणि लायसनही नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘चालवणाऱ्याला रस्ता दिसतो हो. बसणाऱ्याला माणसं दिसतात.’ मला ते तेव्हा नुसतं ऐकायला बरं वाटलं. त्याचा अर्थ कळायला रेवतीने डॉक्टर व्हावं लागलं.

ती मुंबईला मेडिकलला गेली, होस्टेलवर राहिली, आणि बघता बघता इंटर्नशिपला येऊन ठेपली. त्यातला काही काळ खेड्यातल्या आरोग्य केंद्रात काढायचा असतो. तिने गव्हाणच्या बाजूचं केंद्र मागून घेतलं, म्हणजे घरी राहता येईल. आणि लगेच जाहीर केलं, ‘बाबा, मला लायसन काढायचंय. फियाट मी नेणार.’ उरण रस्त्यावर तेव्हा बंदराकडे जाणारे कंटेनर धावायला लागले होते. त्यांच्या चाकाशेजारून जाताना मी स्वतः देवाचं नाव घेत असे, आणि ही कालची पोर! पण भीती वाटते म्हणावं तर बापाची अब्रू जाते. म्हणून मी तत्त्वाची भाषा सुरू केली. शिकणाऱ्याला गाडी कशाला? डॉक्टरकी ही सेवा आहे, वगैरे. रेवती म्हणाली, ‘साडेआठला केंद्रावर हजर राहायचं असतं. तुमची एसटीची सेवा सात वाजता सुटते, ती चुकली की पुढची सेवा दहाला. मला नाही जमलं तर मी मुंबईतलंच केंद्र बदलून मागते.’ म्हणजे एकीकडे कंटेनर आणि दुसरीकडे पाच वर्षांनी घरी येऊ घातलेली मुलगी पुन्हा होस्टेलवर. ही आम्हा दोघांच्या मधे न पडता म्हणाली, ‘डॉक्टरांना विचारा. दाखला तरी त्यांच्याकडूनच घ्यायचाय.’

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ज्या माणसाने उभी हयात बिनगाडीची काढली तो काय सांगणार! तरी खबरदारी म्हणून मी आदल्या दिवशी गुपचूप दवाखान्यात गेलो आणि दार लोटून घेऊन म्हणालो, ‘डॉक्टर, एक विनंती आहे. रेवतीला दाखला देऊ नका. काहीतरी काढा. म्हणा डोळे नाजूक आहेत.’ ‘तुमच्या डोळ्यांचं कसं काय?’ डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, ‘सुधारलेत.’ ‘हं,’ ते म्हणाले, ‘व्यायाम चालू ठेवा. आणि उद्या तिला पाठवा.’

रेवतीने सुळका बघितला, त्याच्या डाव्या अंगाला घिरट्या घालणारी घार पाहिली, शिवाय घारीच्या शेपटीचा आकारही सांगितला. डॉक्टर खूश झाले, पण सही केली नाही. ‘केंद्रावर हजर व्हायला किती दिवस आहेत? आठ? मग आठ दिवस माझ्याबरोबर व्हिजिटला चल. गाडीशिवाय. मग सांगतो गाडी लागते का ते.’ रेवती धुसफुसत घरी आली. मी तिच्या आवडीची आंब्याची बर्फी आणून ठेवली.

पहिल्या दिवशी ती मासळीच्या टेम्पोतून आली. दारातूनच कळलं. दुसऱ्या दिवशी विटांच्या ट्रकमधून, तिसऱ्या दिवशी पुन्हा मासळी. पण तिचं धुसफुसणं थांबलं होतं. चौथ्या दिवशी जेवताना ती घास हातात धरून सांगायला लागली. टेम्पोत मागे टोपल्यांवर चार-पाच कोळणी बसलेल्या असतात. डॉक्टर पुढे बसतच नाहीत, त्यांच्यात जाऊन बसतात. काही विचारत नाहीत. फक्त एकीच्या पाटीतला बोंबील उचलून म्हणतात, ‘आज बारीक आहे गं माल.’ की झालं सुरू.

‘माल बारीक, नि सून पन बारीक झाली, डाक्टर. पोरगी झाली तिला, पन दूध नाय येत.’

‘अगो, येल कसा? जेवाला घालतेस का तिला, का नुसती पेज?’ दुसरी म्हणते.

‘तू गप. तुज्या घरचा सांग ना. डाक्टर, हिच्या घरामागची म्हातारी तीन आठवडे खोकतंय. ती काय तुमाला बोलाची नाय. तिच्या लेकाचा लगीन जमतंय ना, म्हनून झाकून ठेवलाय.’

गाव येईपर्यंत गाव तपासून झालेलं असतं. डॉक्टर उतरतात ते नेमके त्या म्हातारीच्या दाराशी, आणि ‘पाणी देतेस का गं?’ म्हणून ओट्यावर बसतात. म्हातारी म्हणते, ‘मला काय पन नाय झाला.’ डॉक्टर म्हणतात, ‘तुला कोण म्हणालं काही झालंय? ही माझी विद्यार्थिनी आहे, तिला छाती तपासायला शिकायचंय. तेवढी तपासू दे बिचारीला.’ आणि म्हातारी, त्या बिचारीवर उपकार म्हणून, पदर सावरून पाठ करून बसते.

‘बाबा,’ रेवती म्हणाली, ‘पाच वर्षं आम्हाला शिकवलं, पेशंटला काय विचारायचं. ज्याला विचारताच येत नाही त्याचं काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. मी फियाट घेऊन गेले असते ना, तर त्या म्हातारीच्या दारावरून पुढे गेले असते.’ मग तिने घास तोंडात घातला आणि म्हणाली, ‘मला नको गाडी.’

मी जिंकलो होतो. हिच्याकडे मी अशा नजरेने पाहिलं, की जणू ही सगळी योजना माझीच. हिने मला भात वाढला.

आठव्या दिवशी मात्र संध्याकाळी रेवती एकटी आली नाही. बरोबर डॉक्टर होते. इतकं दमलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, ‘म्हातारीला आज फोटो काढायला पनवेलला आणायचं होतं. छातीचा. मुश्किलीने तयार केलं तिला. गव्हाणच्या फाट्यावर दीड तास उभे होतो. उन्हात.’

मी म्हटलं, ‘तुम्ही? उभे?’

‘चौदा गाड्या गेल्या,’ ते म्हणाले. ‘मी मोजल्या. सगळे ड्रायव्हर परगावचे, बंदराचे, कंपन्यांचे. चौदांतला एकही डोळा माझ्या ओळखीचा नव्हता. म्हातारी रस्त्यात बसली आणि म्हणाली, डाक्टर, मी घरी जाते. तिला धरून ठेवलं ते या पोरीने. शेवटी मासळीचा टेम्पो आला म्हणून.’ मग थोडा वेळ ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. कुणाचा तरी विसरून राहिलेला हात असावा तसे. ‘माझं आता झालं, बँकवाले. या हातावर तीस वर्षं निघाली. हिचे तीस दिवसही निघायचे नाहीत. शिकणाऱ्या डॉक्टरला गाडी लागते का, तर पूर्वी लागत नव्हती. आता लागते. पोरीला माझ्यासारखं फाट्यावर उभं करू नका.’

खिशातून त्यांनी दाखला काढला. सही केलेला होता. मी वाचला. ‘वाहन चालवण्यास योग्य,’ आणि त्याच्याखाली त्यांच्या तिरप्या अक्षरात एक ओळ: ‘अट: मागची सीट रिकामी नेऊ नये.’

लायसनच्या ऑफिसातल्या साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मला वाटलं, आता कागद परत करतील. पण ते गालात हसले आणि म्हणाले, ‘पनवेलचे ना? बरोबर आहे मग.’

रेवतीला मी रोज पहाटे कॉलेजच्या मैदानावर गाडी शिकवली. म्हणजे तिने चालवली आणि मी दरवाजा घट्ट धरून बसलो. ती शिकली. तोवर सातची एसटी धरली; पक्कं लायसन हाती आल्यावर केंद्रावर गाडीने जायला लागली. कंटेनर होतेच, आणि ती परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला असे तोही होताच. पण अट तिने अक्षरशः पाळली. जाताना मागे तीन कोळणी आणि टोपल्या, येताना कुणाची तरी बाळंतीण, कुणाचा तरी पाय मोडलेला म्हातारा. फियाटला सुकटीचा जो वास लागला तो पुढे ती विकेपर्यंत गेला नाही. आणि मला सांगायला संकोच वाटत नाही, की त्या वासाचा मला गर्व वाटायला लागला होता. गव्हाणची म्हातारीही त्याच सीटवरून महिन्या-महिन्याला औषध न्यायला येत असे. लेकाच्या लग्नाचे लाडू तिने गाडीतच दिले.

एका रविवारी रेवती मला घेऊन कर्नाळ्याला गेली होती. परतताना मागे वाटेत घेतलेल्या दोघी बायका बसलेल्या. आणि त्याच फाट्यावर, त्याच जागी, तोच हाफ शर्ट, हात वर. मी तोंड उघडायच्या आत रेवतीने ब्रेक लावला होता. डॉक्टर मागे बायकांच्या मधे बसले. ‘यंदा माठ चांगला आलाय,’ म्हणाले, आणि मागे कुणाच्या तरी गुडघ्याची कहाणी सुरू झाली. मला राहवेना. दहा वर्षं सांगायचं राहिलं होतं. मागे वळून न बघता, समोरच्या काचेकडे बघत मी बोललो, ‘डॉक्टर, एक सांगायचंय. त्या दिवशी तुम्ही मला इथे दिसला होतात. नीट दिसला होतात. मी थांबलो नाही.’

वळून पाहिलं तर डॉक्टर दोघींच्या मधे मान टाकून झोपले होते. रेवतीने आरशातून पाहिलं आणि तिचे डोळे एकदम भरून आले. पास झाली होती ती. मी मात्र माझी कबुली तशीच घेऊन घरी आलो.

चहा घेताना मी हिला सगळं सांगितलं; फाट्यावरचं तेव्हाचं आणि आजचंही. मला वाटलं, ही चकित होईल. ही कप विसळत राहिली.

‘त्यांना ठाऊक होतं,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशीच, हात धुताना मला म्हणाले होते, यांची नजर ठणठणीत आहे. थेंब गुलाबपाण्याचे देतोय. बटणं मात्र रोज विचारत जा.’

‘आणि तू दहा वर्षं रोज विचारत राहिलीस? एकदा तरी मला सांगायचंस!’

‘सांगितलं असतं,’ कप उपडा ठेवत ती म्हणाली, ‘तर तुम्ही कुणासाठी गाडी थांबवली असतीत का?’